बोकडाचे दात पाहणारे आपण आणि फोटोतलं पर्शियन मांजर

बकरी ईदच्या आधी अब्बांबरोबर बोकड घ्यायला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. ते बाजारात शिरले की आधी नुसतेच फिरतात, भाव विचारत नाहीत. मग एखाद्या बोकडाजवळ थांबतात. जबडा उघडून दात बघतात, डोळ्यांसमोर हात फिरवतात, चार पावलं चालवून लंगडत नाही ना ते पाहतात. कान, शिंग, शेपूट सगळीकडे हात फिरतो. आंधळं, लंगडं, आजारी जनावर कुर्बानीला चालत नाही हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे विकणारा कितीही कसमा खाऊ दे, अब्बांचा विश्वास स्वतःच्या बोटांवर असतो.

त्याच अब्बांच्या मुलानं, म्हणजे मी, गेल्या वर्षी १४ हजार रुपये देऊन एक जनावर फोनवरचा फोटो बघून विकत घेतलं. व्यवहार वीस मिनिटांत आटोपला. नवव्या दिवशी ते जनावर मेलं. लिहायला लाज वाटते, पण आपल्या मोहल्ल्यांत सध्या जे चाललंय ते पाहता लिहिणं भाग आहे.

झालं असं की भाचीला पर्शियन मांजर हवं होतं. तिच्या दोन मैत्रिणींकडे होतं. माझी बहीण तयार नव्हती. तेव्हा भाचीनं माझ्याकडे मोर्चा वळवला. "मामू, बिल्ली पालना तो सुन्नत है ना? फिर अम्मी नको कायकू बोलती?" या प्रश्नावर मामूकडे उत्तर नसतं, फक्त पाकीट असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ग्रुपमध्ये पिल्लांचे फोटो आले होते. खाली लिहिलं होतं: 'प्युअर पर्शियन, सेमी पंच, ट्रिपल कोट, दोन महिने, फुल्ली व्हॅक्सिनेटेड, पॉटी ट्रेन्ड.' वर माशाअल्लाह, शेवटी अल्हम्दुलिल्लाह. विकणारा आपलाच मुसलमान मुलगा. त्यानं आम्हाला इमारतीच्या पार्किंगमध्ये बोलावलं. "घर में औरतें हैं" म्हणाला. आम्हीही मान डोलावली. एका बुटांच्या खोक्यातून कापसाच्या गोळ्यासारखं पिल्लू बाहेर आलं. लसीचं कार्ड मागितलं तर म्हणाला, "बाद में भेजता, फिकर नको करो भाईजान."

चौथ्या दिवशी पिल्लानं खाणं सोडलं. त्याला फोन केला. म्हणाला, "जगा बदली ना, इसलिए. दो दिन में खाएगी." पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टरांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर पिल्लाचा जबडा उघडून दात पाहिले. मागचे दुधाचे दात नीट आलेलेही नव्हते. "हे दोन महिन्यांचं नाही, पाच आठवड्यांचं असेल," ते म्हणाले. मला अब्बा आठवले. दात बघितले गेले, पण पैसे देऊन झाल्यावर.

आजार होता पॅनल्युकोपेनिया. मांजरांचा हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि आतडी दोन्हींवर हल्ला करतो. लागण झाल्यापासून साधारण दोन ते दहा दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणजे आमच्या पिल्लानं तो बहुधा तिथूनच आणला होता. लस न घेतलेली पिल्लं यातून क्वचितच वाचतात. आणि पाच आठवड्यांच्या पिल्लाचं 'पूर्ण लसीकरण' झालेलं असूच शकत नाही. पहिला डोसच सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. हे गणित चौथीतल्या मुलालाही येईल. मी केलं नव्हतं.

पिल्लू गेल्यावर मी त्या मुलाकडे गेलो. या वेळी न विचारता थेट घरी. दार त्याच्या आईनं उघडलं आणि मला सरळ आत घेतलं. बाल्कनीला ताडपत्री लावलेली. आत सात पिंजरे, एकावर एक. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. खालच्या पिंजऱ्यात आमच्या पिल्लाची आई होती. पांढरी म्हणायची, पण डोळ्यांखाली तपकिरी ओघळ सुकलेले, केसांच्या गाठी पडून त्यांचा नमदा झालेला, पोट लोंबलेलं. पिल्लं जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. मुलगा म्हणाला, "फिर से मेटिंग को लगाया. साल में तीन बार देती, माशाअल्लाह."

तो सैतान नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. सकाळपासून रात्रीपर्यंत दुचाकीवर लोकांच्या घरी पार्सलं पोचवणारा, बापाविना घर चालवणारा मुलगा. कुणीतरी त्याला सांगितलं की एक जोडी आण, घरबसल्या महिन्याचं भाडं निघतं. तसं ते निघत होतं. मांजरांबद्दल त्याला जे माहीत होतं ते दुसऱ्या विकणाऱ्यांकडून. मी पिल्लू मेल्याचं सांगितलं तर त्याला खरंच वाईट वाटलं. लगेच म्हणाला, "दूसरा ले जाओ भाईजान, आधे में देता." मोबाईल बिघडला तर बदलून द्यावा तसं. हा विषाणू घरातल्या फरशीवर, चादरींवर कित्येक महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो. आमच्या घरी दुसरं लस न घेतलेलं पिल्लू नेणं म्हणजे त्यालाही मारणं होतं. हे त्याला माहीत नव्हतं. मलाही आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भाचीनं विचारलं होतं, सुन्नत आहे ना?

आपल्याकडे मांजराबद्दलची एक गोष्ट घराघरांत सांगितली जाते. पैगंबरांच्या बाहीवर त्यांची मुअज्जा नावाची मांजरी झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाहीच कापली. गोड गोष्ट आहे. मांजर विकणाऱ्यांच्या स्टेटसवर हमखास असते. अडचण एवढीच की हदीसच्या मान्य संग्रहांत ती सापडत नाही. जे सापडतं ते वेगळं आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत अबू कतादा यांचा प्रसंग येतो. सून वुजूसाठी पाणी ओतत होती, मांजर आलं, त्यांनी भांडं कलतं करून त्याला पाणी पिऊ दिलं. सुनेला आश्चर्य वाटलं तेव्हा त्यांनी पैगंबरांचा हवाला दिला की मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. लक्षात घ्या, त्या प्रसंगातलं मांजर कुणी विकत आणलेलं नाही, पिंजऱ्यातलं नाही. ते आपल्या पायांनी आलं, प्यायलं आणि गेलं.

दुसरा उल्लेख बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि तो सगळ्यांनी ऐकलेला असतो. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं, स्वतः खायला घातलं नाही, बाहेर सोडून किडेमुंगीही खाऊ दिली नाही. ते मेलं आणि त्यापायी त्या बाईला जहन्नमची शिक्षा झाली. जुम्म्याच्या बयानात हा किस्सा ऐकताना आपण सगळे हळहळतो. पण त्या बाईला आपण नेहमी 'दुसरी कुणी' समजतो. त्या बाल्कनीत उभा असताना माझ्या मनात आलं की या पिंजऱ्याचं भाडं कोण भरतंय? गेल्या महिन्याचं तर मीच भरलं होतं, १४ हजार.

आणि तिसरा उल्लेख, जो कुठल्याही स्टेटसवर नसतो. सहीह मुस्लिममध्ये जाबिर यांच्याकडून आलेली हदीस आहे. त्यांना कुत्रा आणि मांजर यांच्या किमतीबद्दल विचारलं गेलं, तेव्हा पैगंबरांनी ती घ्यायला मनाई केल्याचं त्यांनी सांगितलं. मी आलिम नाही. चारही मजहबांच्या बहुसंख्य फकीहांनी मांजराची विक्री जायज मानलीय आणि ही मनाई कराहतच्या, म्हणजे नापसंतीच्या अर्थानं किंवा रानमांजराबद्दल घेतलीय, हे मला माहीत आहे. इब्न कय्यिम यांच्यासारख्यांनी मात्र ती शब्दशः घेतली. हा वाद मी सोडवणार नाही, ती माझी पात्रता नाही. मला फक्त हा विरोधाभास दाखवायचाय. जी गोष्ट संग्रहांत नाही ती आपल्याला तोंडपाठ आहे, आणि सहीह मुस्लिममध्ये जी आहे ती आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलीय? ज्या बाजाराला 'सुन्नत' म्हणून मिरवलं जातं, त्या बाजाराबद्दलच मूळ ग्रंथांत किमान एक ठसठशीत नापसंती नोंदलेली आहे.

बरं, विक्री जायज धरू. तरी जायज विक्रीच्याही अटी असतात. धान्याच्या ढिगाचा प्रसंग आठवा. पैगंबरांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं निघालं. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानलं नाही. मालातला ऐब लपवणं हा आपल्या फिक्हमध्ये साधा गुन्हा नाही, ऐब निघाला तर घेणाऱ्याला व्यवहार मोडण्याचा हक्क आहे. पर्शियन मांजराच्या धंद्यात फोटो म्हणजे वरचं कोरडं धान्य आहे. ओलं सगळं बाल्कनीत.

काही ऐब तर बाल्कनीतही दिसत नाहीत. पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. आई किंवा बाप, दोघांपैकी एकात जरी तो दोष असला तरी सरासरी अर्ध्या पिल्लांत उतरतो. त्यामागचं जनुक २००४ साली सापडलं. तेव्हाच्या अंदाजानुसार जगभरातल्या पर्शियन मांजरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मांजरांत तो होता. लक्षणं यायला अनेकदा सहा-सात वर्षं लागतात. तोपर्यंत मांजर घरातलं झालेलं असतं आणि विकणाऱ्याचा नंबर बंद. दोष आहे की नाही हे एका साध्या तपासणीत कळतं. जोडी लावण्याआधी ती केली तर आजार पुढच्या पिढीत जातच नाही. पण वर्षाला तीन वेत घेणाऱ्याला ती तपासणी परवडत नाही, आणि आपण मागतही नाही.

आपण काय मागतो? चपटं तोंड. 'डॉल फेस'पेक्षा 'सेमी पंच' महाग, त्याहून 'पंच' महाग. नाक जितकं आत तितका भाव वर. मजा बघा, या नावातलं 'पर्शिया' नावापुरतंच उरलंय. १६२० च्या सुमाराला पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशानं खुरासानची लांब केसांची मांजरं युरोपात नेल्याचं सांगतात. त्या मांजरांना नाक होतं. पुढे इंग्लंडमध्ये मांजरांची प्रदर्शनं भरू लागली, पहिलं मोठं प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली झालं. बक्षिसांसाठी निवडून निवडून पैदास होत गेली आणि विसाव्या शतकात तोंड चपटं होत होत नाक डोळ्यांच्या रेषेत आलं. परिणामी श्वास घरघरतो, अश्रूंची नळी दबून डोळे सतत वाहतात, दातांची रांग बिघडते, पिल्लांचं डोकं मोठं आणि गोल असल्यानं बाळंतपण अडतं. फोटोत जे 'क्यूट' दिसतं ते त्या जिवाचं दुखणं असतं. चांगला बोकड निवडताना आपण व्यंग शोधतो ते टाळण्यासाठी. इथे व्यंग शोधतो ते जास्त पैसे देण्यासाठी.

कायदा काय करतो? प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हो, पन्नास. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ साली केंद्रानं नियम केले, ते कुत्र्यांपुरतेच. २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली. पण तिसऱ्या मजल्यावरच्या ताडपत्रीमागे कोण पोचणार? तिथे आत्तापर्यंत पोचलाय तो एकच, गिऱ्हाईक. म्हणून जबाबदारीही आधी गिऱ्हाइकाची.

त्या दिवशी बाल्कनीतून निघताना वरच्या पिंजऱ्यात एक पिल्लू दिसलं. दोन्ही डोळे पुवानं चिकटलेले. मला बघून, खरं तर माझा आवाज ऐकून, जाळीवर पंजे मारत होतं. मुलगा म्हणाला, "ये तीन हजार में ले जाओ, सवाब मिलेगा." माझा हात खिशात गेला होता. घरी विषाणू आहे, पण डॉक्टरांकडे ठेवता येईल, तीन हजार काही फार नाहीत. मग खालच्या पिंजऱ्यातल्या आईकडे नजर गेली. मी तीन हजार दिले असते तर त्या मुलानं त्यातून एक गोष्ट शिकली असती: आजारी पिल्लूही विकलं जातं. दयेलाही गिऱ्हाईक आहे. तो पैसा पुन्हा त्याच आईच्या पुढच्या वेतात गेला असता.

मी त्याला म्हणालो, फुकट दे, उपचार मी करतो. तो नाही म्हणाला. मी डोळ्यांच्या औषधाचे थेंब आणून दिले आणि निघालो. त्या पिल्लाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी बरोबर केलं असं हिशेब सांगतो. मन अजून सांगत नाही. ज्या बाजारात दया दाखवणं हीच चूक ठरते, त्या बाजाराबद्दल आणखी वाईट काय बोलायचं?

यावर लोक म्हणतील, मग मांजर पाळायचंच नाही का? जरूर पाळा. पण बोकड घेता तसं घ्या. पार्किंगमध्ये व्यवहार करू नका. पिल्लाची आई बघायला मागा, ती जिथे राहते ती जागा बघा. आई दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका, कारण काहीही असो. बारा आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, तोवर ते आईकडून खाणं-वावरणं शिकत असतं. पक्ष्याची पिल्लं कुणी उचलली तेव्हा त्या आईची तडफड पाहून पैगंबरांनी ती परत ठेवायला लावली, हेही अबू दाऊदमध्येच आहे. लसीचं कार्ड डॉक्टरांच्या सहीचं आणि शिक्क्याचं असावं, त्यावरच्या तारखा पिल्लाच्या वयाशी जुळवून बघा. आई-बापाच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद मागा. आणि एक खूण लक्षात ठेवा. जबाबदार माणूस तुम्हालाच प्रश्न विचारतो: घरी कोण असतं, खिडक्यांना जाळी आहे का, नसबंदी करणार का, नाही जमलं तर मला परत द्याल का. पैसे गुगल पे करणार की रोख, एवढंच विचारणारा माणूस मांजर विकत नसतो, खोकं विकत असतो.

नसबंदीचं नाव काढलं की आपल्याकडे 'खिल्कत में दखल' असा आक्षेप येतो. ज्यांना मुफ्तींना विचारायचंय त्यांनी जरूर विचारावं. पण खस्सी बोकड आपण पिढ्यान्‌पिढ्या कुर्बानीला देत आलोय आणि हनफी फिक्हमध्ये फायद्यासाठी जनावराच्या खच्चीकरणाला मुभा आहे. मांसाच्या चवीसाठी जे चालतं, ते गल्लीत पिल्लांवर पिल्लं मरू नयेत म्हणून का चालू नये?

आणि खरं सांगायचं तर दहा हजार द्यायची गरजच कितीजणांना आहे? आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात खाटकाच्या दुकानापुढे, मस्जिदीच्या पायरीवर मांजरं आहेत. तीच, अवतीभवती वावरणारी. त्यांना नाक आहे, श्वास आहे, आणि किंमत नाही. तेराव्या शतकात इजिप्तच्या सुलतान बैबर्सनं कैरोजवळची एक बाग बेवारस मांजरांच्या पोटापाण्यासाठी वक्फ केल्याची हकिगत एडवर्ड लेन या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवलीय. त्या वक्फनाम्यात 'सेमी पंच' अशी अट असेल असं वाटत नाही. आज आपण काय करतो? आतल्या खोलीत एसीत पर्शियन, आणि दारातल्या देशी मांजराला चप्पल. ही मांजराची मोहब्बत नाही, हे सोफ्याशी जुळणारं सामान आहे.

आमच्या घराची फरशी ब्लीचनं अनेकदा धुतली. डॉक्टरांनी वर्षभर लहान पिल्लू आणू नका म्हणून सांगितलं होतं, ते पाळलं. दरम्यान भाचीनं मस्जिदीमागच्या एका मोठ्या, लस दिलेल्या, नसबंदी झालेल्या करड्या मांजरीला दूध पाजायला सुरुवात केली. मांजरांना दूध पचत नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आता खाटकाकडून चीचड्या आणून उकडून देते. मांजरी घरात येते, खाते, मनात आलं तर झोपते, नाहीतर जाते.

परवा अब्बांनी तिला मांडीवर घेऊन सवयीनं जबडा उघडला, दात पाहिले. म्हणाले, "अच्छी है. कितने की लाए?"

भाची म्हणाली, "नाना, ये बिकने की नहीं है."